हात वाकडा की बॉल उशिरा? कॉलेज क्वार्टरबॅकच्या फेकीबद्दल

गोफण (कोलंबस, ओहायो)

सप्टेंबर लागला की आमच्याकडे शनिवार ठरलेला असतो. पोहे, चहा आणि कॉलेज फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. गेल्या शनिवारी चार घरं जमली होती. एका क्वार्टरबॅकने (संघासाठी पास फेकणारा खेळाडू) बाजूने, पार खांद्याच्या खालून बॉल भिरकावला आणि आमच्यातला एक मित्र म्हणाला, "हात बघ किती वाकडा! याला कुणी शिकवलं नाही का?" तोवर बॉल रिसीव्हरच्या (झेलणाऱ्याच्या) छातीवर जाऊन बसलासुद्धा होता.

तिथून जो वाद पेटला तो पातेली घासून होईपर्यंत चालला. इथे मांडतोय, कारण फेक बघताना आपण सगळेच दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतो असं मला मनापासून वाटतं. हात वाकडा दिसणं ही एक गोष्ट, आणि बॉल हातातून उशिरा सुटणं ही दुसरी. पहिलीने फारसं काही बिघडत नाही. दुसरी मात्र चांगल्या चांगल्या पोरांना घरी बसवते.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल दोन्ही टोकांना निमुळता, वजन ४०० ते ४२५ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या बॉलच्या अडीचपट. वरच्या अंगाला पांढऱ्या दोरीचे टाके, त्यावर बोटं टेकवून पकडायचं. क्वार्टरबॅक बॉल घेऊन मागे सरतो, समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर येत असतात, आणि हाताशी वेळ असतो अडीच-तीन सेकंद. त्यात बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं.

आता दोन माणसं शेजारी उभी करतो. पहिला फिलिप रिव्हर्स, नॉर्थ कॅरोलायना स्टेट, २००० ते २००३. त्याचे वडील अलाबामात शाळेच्या संघाचे कोच. पोरगं लहानपणापासून मैदानावर, आणि हातात बॉल मोठ्यांचा. एवढ्याशा पंज्यात तो मावायचा नाही, मग फेकणार कसा? तो ढकलायला लागला. गोळाफेकवाला गोळा लोटतो ना, तसा. तीच सवय आयुष्यभर राहिली. बॉल कानामागे जातच नाही, कोपर खांद्याच्या वर येत नाही, छातीसमोरूनच आडवा सटकतो. दिसायला अगदीच बेंगरूळ. पण फेकायचं मनात आल्यापासून बॉल सुटेपर्यंत मध्ये काही घडतच नाही! २००३ च्या हंगामात त्याच्या १०० पासांपैकी ७२ पोहोचले. कॉलेजात सलग ५१ सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात होता. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो) चौथ्या क्रमांकावर निवड झाली आणि पुढे २०२० पर्यंत ओळीने १७ हंगाम तो तसाच फेकत राहिला.

दुसरा टिम टीबो, फ्लोरिडा, डावखुरा. २००७ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची), दुसऱ्या वर्षातल्या खेळाडूला मिळालेली पहिलीच. त्या हंगामात ३२ टचडाउन (बॉल मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवणं) फेकून आणि २३ स्वतः पळून. एकाच हंगामात दोन्हींत विशी ओलांडणारा कॉलेजच्या इतिहासातला पहिला. फेक संपते तेव्हाचा फोटो बघितलात तर हात सरळ, वरून आलेला, रिव्हर्सपेक्षा कितीतरी देखणा. पण सुरुवात बघा. बॉलवरचे दोन्ही हात वेगळे झाले की बॉल आधी खाली जातो, जवळजवळ कमरेपर्यंत, तिथून मागे मोठा वळसा घेऊन वर येतो आणि मग पुढे. विहिरीतून पोहरा ओढल्यासारखं. तेवढ्या वेळात बचाव करणारा दोन पावलं पुढे आलेला असतो.

कॉलेजात हे खपलं, कारण टीबो धावेल या धाकाने समोरचे अर्धवट पावलावर थबकायचे. २००८ च्या हंगामाचा अंतिम सामना आठवा, ओक्लाहोमाविरुद्ध, २४–१४. शेवटचा टचडाउन त्याने उडी मारून फेकला. सगळ्यांना वाटलं हा घुसतोय, आणि रिसीव्हर मोकळा. तिथे वळसा लागलाच नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो धाक कमी पडला. २०१० च्या ड्राफ्टआधी त्याने फेक बदलण्यासाठी जिवापाड मेहनत घेतली. मोकळ्या मैदानात नवी फेक दिसायची, अंगावर माणूस आला की जुना वळसा परत. २०११ मध्ये त्याचे जेमतेम ४६.५ टक्के पास पोहोचले.

म्हणून माझं म्हणणं असं की हाताचा कोन सोडा, वळसा मोजा. तुम्ही पाहिलेले क्वार्टरबॅक या मापाने कुठे बसतात ते लिहा.

रानमेवा

वाचतेय. टीबोचं पोहऱ्याचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहिलं.

नवखा_सांगली

मी नुकताच रात्री जागून हे सामने बघायला लागलोय, दोन शंका आहेत. मलिंगाचा हातही आडवाच होता आणि त्याला कुणी वाकडा म्हणून काढलं नाही, तेव्हा तुमचं पटतंय. पण उंच माणसाने वरून फेकलं तर बॉल समोरच्यांच्या हातांवरून जाईल ना? आडवं फेकून उंची वाया का घालवायची? दुसरं असं की आम्ही गच्चीवर तसा बॉल आणून फेकून बघितला. आमच्यातला एकजण तालुक्याला क्रिकेट खेळलेला, सीमारेषेवरून थेट कीपरच्या हातात बॉल देणारा. त्याच्याकडूनही हा बॉल गटांगळ्या खात जातोय. चुकतंय कुठे?

गोफण

दुसऱ्या शंकेचं आधी, कारण ते लगेच करून बघता येईल. क्रिकेटचा बॉल फेकताना बोटं बॉलच्या मागे असतात आणि सुटताना बॉल उलटा फिरतो. हा बॉल तसा फेकला की डळमळणारच. इथे पंजा बॉलच्या मागच्या भागावर बाजूने टेकतो. शेवटची दोन-तीन बोटं दोरीवर, तर्जनी मागच्या टोकाकडे. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात थोडी फट राहू द्या, तळव्याने बॉल गच्च आवळू नका. सुटताना सगळ्यांत शेवटी तर्जनी निसटते, ती बॉलला अंगाभोवती फिरकी देते. सुटल्यावर अंगठा जमिनीकडे आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला पाहिजे. तुमच्या मित्राचा तळवा आकाशाकडे राहत असेल, बघा.

नीट सुटलेला बॉल मिनिटाला साधारण ६०० फेरे घेतो. त्या फिरकीमुळे तो भोवऱ्यासारखा स्थिर राहतो आणि हवा कापत जातो. उजव्या हाताचा बॉल फेकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो आणि लांब पल्ल्यावर किंचित उजवीकडे सरकतो. डावखुऱ्याचं सगळं उलट. म्हणून डावखुरा क्वार्टरबॅक आला की रिसीव्हरना झेल घेण्याची सवय थोडी बदलावी लागते.

पहिली शंका रास्त आहे. टेक्सासचा विन्स यंग सहा फूट पाच इंच, आणि फेक एवढी आडवी की उंचीतला बराच भाग खरंच वाया जायचा. पण त्याला उंचीची गरज पडली किती? २००६ च्या ४ जानेवारीचा रोझ बोल, त्या हंगामाचा अंतिम सामना. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) विरुद्ध ४० पैकी ३० पास पोहोचवून २६७ यार्ड, शिवाय २०० यार्ड पळून. १९ सेकंद उरलेले, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), पाच यार्ड पुढे जाणं गरजेचं, आणि हा उजव्या कोपऱ्यात स्वतः पळत गेला. ४१–३८. बॉल आडवा सुटायचा पण झटकन सुटायचा, वळसा नव्हता.

लबकवाला

२२ ऑक्टोबर २०१६ ला मी टेक्सास टेकच्या स्टेडियममध्ये होतो. तेव्हा मास्टर्स करत होतो, हा खेळ धड कळतही नव्हता, रूममेटने ओढून नेलं. पॅट्रिक माहोम्सने त्या रात्री ८८ वेळा बॉल फेकला. अठ्ठ्याऐंशी! ५२ पोहोचले, ७३४ यार्ड, आणि तरी आम्ही हरलो, ६६–५९. पलीकडे ओक्लाहोमाकडून बेकर मेफिल्ड, जो आधी आमच्याच कॉलेजात होता, त्याने सात टचडाउन फेकले. दोन्ही संघांचे यार्ड मोजले तर प्रत्येकी ८५४ भरले.

मला त्या रात्रीचे आकडे नंतर कळले. डोळ्यांत राहिले ते त्याचे पाय. सगळे सांगतात पाय रोवा, पुढचा पाय लक्ष्याकडे वळवा, कंबर फिरवा, मग हात. हा पोरगा उजवीकडे पळता पळता फेकत होता, मागे झुकून फेकत होता, एक पाय हवेत असताना फेकत होता. कोपर प्रत्येक वेळी निराळ्या उंचीवर. एकदा वरून, पुढच्याला खांद्याच्या रेषेत, त्याच्या पुढच्याला कमरेच्या जरा वर. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते दर वेळी मान हलवायचे आणि दर वेळी उठून टाळ्या वाजवायचे.

त्याचे वडील व्यावसायिक बेसबॉलमधले पिचर (बॉल टाकणारे). पोरगा स्वतःही बेसबॉल खेळायचा. शॉर्टस्टॉपच्या (बेसबॉलमधली क्षेत्ररक्षणाची एक जागा) जागेवर उभं राहणाऱ्याला बॉल जसा हातात येईल तसाच फेकावा लागतो, पवित्रा घ्यायला वेळच नसतो. ओक्लाहोमाचा कायलर मरी तर बेसबॉलच्याही पहिल्या फेरीत निवडला गेला, २०१८ ला नवव्या क्रमांकावर. त्याच वर्षी हाइझमन, आणि पुढच्या वर्षी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिला. तोही असाच कुठूनही सोडतो. गोफण, तुमच्या धाग्यात मला एवढीच भर घालायची आहे की या दोघांची 'शैली' एक नाहीच, पाच-सहा आहेत.

भालाफेक_पुणे

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. वीस वर्षं पोरापोरींना भालाफेक शिकवतोय, त्यामुळे थोडं आमच्या बाजूने.

फेक हाताने होत नाही, जमिनीपासून होते. मागचा पाय ढकलतो, पुढचा पाय रोवला जातो आणि अंगाला ब्रेक लागतो. तो लागला की कंबर आधी वळते, खांदे क्षणभर मागे राहतात. ही जी पीळ पडते तिच्यात सगळा जोर असतो. मग खांदा, कोपर, मनगट, बोटं, एकामागून एक, चाबकाच्या दोरीसारखं. आमचा भाला पुरुषांसाठी ८०० ग्रॅमचा, तुमच्या बॉलच्या जवळपास दुप्पट, पण क्रम तोच. कोपर मागे पडलं किंवा खांद्याच्या फार खाली राहिलं की सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. माझ्याकडच्या दोन चांगल्या पोरांचं करिअर तिथेच संपलं. तेव्हा 'हाताचा कोन सोडा' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. रिव्हर्स टिकला कारण तो ढकलत होता, चाबूक मारत नव्हता. तसाच आडवा हात जोरात चाबकासारखा मारणारा पोरगा किती दिवस टिकेल?

यात आपल्याकडचा एक दुवा आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका टीव्ही स्पर्धेतून निवडून अमेरिकेत नेले होते, बेसबॉल पिचर बनवायला. त्यांना शिकवलं टॉम हाउस यांनी. वर्षाच्या आत दोघांना पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने करारबद्ध केलं. हेच टॉम हाउस ड्रू ब्रीझ आणि टॉम ब्रेडी या नामांकित क्वार्टरबॅकांच्या फेकीवरही काम करत होते. मूळचे पिचर. त्यांनी कॅमेऱ्याने फेक मोजून पाहिली आणि भाला, बेसबॉल, फुटबॉल यांची एकच साखळी समजून शिकवलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण आम्ही मैदानावर वर्षानुवर्षं तेच सांगत आलो.

गोफण

भालादादा, मान्य. कोन सोडा असं सरसकट लिहायला नको होतं. असं म्हणतो: कोन बघायचा तो इजेसाठी, दिसण्यासाठी नाही.

तुमच्या पायांच्या मुद्द्यावरून ऑबर्नचा कॅम न्यूटन आठवला. २०१० ची हाइझमन. सहा फूट पाच इंच, अंगात एवढी ताकद की पाय न रोवता नुसत्या खांद्याने बॉल पन्नास यार्ड जायचा. त्यामुळे पायांची सवयच लागली नाही. पुढे खांद्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर तो जोर पहिल्यासारखा राहिला नाही. उलट एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) क्वार्टरबॅक जो बरो घ्या. त्याच्या हाताला कुणी तोफ म्हणत नाही. पण २०१९ चा हंगाम बघा: ५६७१ यार्ड, ६० टचडाउन, ७६.३ टक्के, पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. त्याचे पाय कायम फेकीला तयार असतात. नजर एका रिसीव्हरवरून दुसऱ्यावर गेली की पावलंही तेवढीच सरकतात, आणि रिसीव्हर वळायच्या आधी बॉल निघालेला असतो. हात सर्वसाधारण आणि वेळ अचूक. वळसा मोजायचा म्हणतो तो यासाठीच.

जुना_स्टँड (न्यू जर्सी)

मी १९८३ ला इथे आलो. त्यामुळे डग फ्लूटीची ती फेक टीव्हीवर थेट पाहिली आहे. १९८४, नोव्हेंबर २३, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस. बॉस्टन कॉलेज विरुद्ध मायामी, मायामीत. सहा सेकंद उरले होते. फ्लूटी पाच फूट दहा. तो मागे मागे गेला, उजवीकडे सरकला आणि अख्खं अंग फेकून बॉल सोडला. साठ यार्डांहून जास्त हवेत, वाऱ्याच्या विरुद्ध. बचाव करणाऱ्यांना वाटलं एवढ्याशा माणसाचा बॉल तिथवर पोहोचायचाच नाही, म्हणून ते पुढे थांबले, आणि झेल त्यांच्या मागे गेला. ४७–४५. मी सोफ्यावरून उठलो आणि हातातला चहा सांडला, ते डागाचं कुशन बायकोने बरीच वर्षं ठेवलं होतं.

उंचीबद्दल सांगली यांनी विचारलं म्हणून लिहितो. बुटके क्वार्टरबॅक समोरच्या भिंतीवरून फेकत नाहीत. ते फटीतून फेकतात. समोरचे अंगावर येताना दोघांमध्ये गल्ली पडते, तिथे आधी सरकायचं आणि तिथून सोडायचं. पर्ड्यूचा ब्रीझ सहा फुटांचा, तो टाचा उचलून, कोपर उंच ठेवून सोडायचा. मरी पाच फूट दहा, तो आडवा होऊन गल्लीतून काढतो. दोन बुटके आणि दोन अगदी विरुद्ध उपाय.

आणखी जुनी गोष्ट. पुढे पास फेकायला नियमाने परवानगी मिळाली १९०६ मध्ये. ५ सप्टेंबरला विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावी सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला, तो झेललाच गेला नाही, आणि तेव्हाच्या नियमाने बॉल प्रतिस्पर्ध्यांना द्यावा लागला. त्याच सामन्यात दुसरा टचडाउनला गेला. तेव्हाचा बॉल फुगीर, जवळजवळ कलिंगडासारखा. तो एका हातात नीट धरणंच अवघड. बॉल निमुळता होत गेला तसतशी आजची फेक घडत गेली.

डावखुरी (मिशिगन)

मी सहसा फक्त वाचते, पण हा धागा आमच्या घरातलाच वाटला. माझा मुलगा तेरा वर्षांचा, डावखुरा, शाळेच्या संघात क्वार्टरबॅक. गेल्या महिन्यात त्याच्या कोचनी सांगितलं की त्याची फेक मुळातून बदलावी लागेल, हात फार आडवा येतो. तेव्हापासून पोरगा घरी गप्प आहे. मागच्या अंगणात एकटाच जाऊन फेकतो आणि प्रत्येक फेकीनंतर स्वतःच्या कोपराकडे बघतो. ते बघवत नाही मला.

डाव्या हाताचा विषय आमच्याकडे हळवा आहे. माझा नवरा जन्माने डावखुरा. कोल्हापूरला लहानपणी पंगतीत डावा हात पुढे केला की ताट उचललं जायचं. त्याने उजव्या हाताने लिहायला, जेवायला शिकून घेतलं, पण मुलाच्या बाबतीत कुणी हात बदला म्हटलं की तो उठून जातो. म्हणून तुआ टॅगोवायलोआची गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. तो उजव्या हाताने लिहितो, जेवतो. वडील डावखुरे होते आणि त्यांना मुलगा डाव्या हाताने फेकणारा हवा होता, म्हणून त्यांनी लहानपणीच त्याला डावा केला! आपल्याकडच्या अगदी उलट. २०१८ च्या ८ जानेवारीला अलाबामाकडून अंतिम सामन्यात तो दुसऱ्या हाफला उतरला, जादा वेळेत दुसरा डाउन आणि २६ यार्ड हवे असताना त्याच डाव्या हाताने ४१ यार्डांवर बॉल टाकला, आणि जॉर्जिया हरलं. माझ्या मुलाने ती क्लिप किती वेळा पाहिली असेल!

माझा प्रश्न एवढाच: तेरा वर्षांच्या मुलाची फेक बदलू द्यावी का?

लबकवाला

ताई, मुलाला वॉशिंग्टनच्या मायकेल पेनिक्सच्या क्लिप दाखवा. तोही डावखुरा, हातही आडवा, आणि २०२३ च्या हंगामात ४९०० च्या वर यार्ड. त्याआधी इंडियानात असताना गुडघा दोनदा आणि खांदा दोनदा दुखावला, चार वर्षं ओळीने हंगाम अर्धवट सुटला होता. तरी हात बदलला नाही. २०२४ च्या पहिल्या दिवशी टेक्सासविरुद्ध ४३० यार्ड फेकले, त्यातले काही बॉल तर रिसीव्हर आणि बचाव करणारा यांच्यामध्ये वीतभर जागा असताना गेले.

भालाफेक_पुणे

डावखुरी ताई, कुणाचीही क्लिप दाखवण्याआधी त्याची स्वतःची बघा. फोनवर स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० चित्रं. फोन खांद्याच्या उंचीवर, त्याच्या फेकत्या हाताच्या बाजूला दहा पावलांवर ठेवा. दोन्ही हात बॉलवरून वेगळे होतात तिथपासून बॉल बोटांतून सुटेपर्यंत किती चित्रं होतात ते मोजा. पाच फेकी उभं राहून, पाच डावीकडे पळत. आणि बॉल सर्वांत खाली कुठे जातो ते बघा: छाती, कंबर की मांडी. मगच कोपराबद्दल बोलू. फेकल्यावर कोपर दुखतं का, तेही विचारा. दुखत असेल तर आधी डॉक्टर.

नवखा_सांगली

गोफण, अंगठा जमिनीकडे करून पाहिला. दहापैकी चार बॉल सरळ फिरत गेले! मित्राने आणखी एक विचारलंय: कॉलेजात भारी फेकणारे पुढे का अडखळतात? फक्त वळशामुळे?

गोफण

अभिनंदन! दहापैकी चार म्हणजे उत्तम सुरुवात.

वळसा हे एक कारण, मैदान हे दुसरं. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, १६० फूट. पण मधल्या हॅशमार्कच्या (खेळी सुरू करताना बॉल ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या खुणा) दोन ओळींतलं अंतर कॉलेजात ४० फूट आणि व्यावसायिकमध्ये साडेअठरा. कॉलेजात बॉल एका हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट आणि दुसरीकडे तब्बल १०० फूट मोकळं रान. त्या रुंद बाजूला बचाव पातळ होतो, रिसीव्हर मोकळे सापडतात, वळसा घेऊनही भागतं. पण त्याच मैदानात पलीकडच्या रेषेवर बॉल टाकायचा तर तो फार लांबून न्यावा लागतो, आणि तिथे हाताचा खरा कस लागतो. मी कॉलेजचा सामना बघताना तीच एक फेक शोधतो: डाव्या हॅशवरून उजव्या रेषेवर, पंधरा यार्ड पुढे. बॉल सपाट गेला आणि बचाव करणारा वळायच्या आत पोहोचला, तर त्या पोराच्या शैलीबद्दल मी पुढे एक शब्द बोलत नाही.

रानमेवा

डावखुरी, मोजलंत का? वाट बघतेय.

डावखुरी (मिशिगन)

मोजलं. नवरा फोन धरून, मी वहीत, आणि मुलगा आज आठवड्याने पहिल्यांदा आमच्याशी धड बोलला. दुखत नाही म्हणतो, कोपरही नाही, खांदाही नाही. उभं राहून सरासरी ११८ चित्रं, डावीकडे पळताना १४१. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणि पळताना त्याहून बरंच जास्त. कोपर खांद्याच्या थोडंसंच खाली आहे. पण बॉल खाली जातो. उभा असताना बरगड्यांपर्यंत, पळताना पार कमरेपर्यंत. गोफण यांनी टीबोचं लिहिलंय ना, तसंच. आणि सगळ्या दहा फेकींमध्ये बॉल खाली गेला की उजवा हात त्याला खालून आधार द्यायला परत येतो, जणू बॉल निसटतोय. हे आम्हाला कधीच दिसलं नव्हतं.

भालाफेक_पुणे

फार छान मोजलंत. उजवा हात परत येतो हे महत्त्वाचं आहे. त्याचा पंजा केवढा आहे? आणि बॉल कुठल्या मापाचा वापरतोय? तेरा वर्षांच्या मुलांसाठी मोठ्यांपेक्षा लहान बॉल मिळतो.

डावखुरी (मिशिगन)

गॅरेजमध्ये जाऊन बघून आले. मोठ्यांचाच आहे. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला आणला होता, मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. टोकापासून टोकापर्यंत अकरा इंच. मुलाचा पंजा त्यावर टेकवून बघितला, करंगळी दोरीवर नीट पोहोचतच नाही.

रिव्हर्सवालं पुन्हा वाचलं आत्ता. उद्या शाळा सुटली की त्याला घेऊन दुकानात जाते, कोचशी परवा बोलेन. वही सोबत नेणार आहे.